लॉगमध्ये अनोळखी आयपी दिसला? काय बघायचं, कुठं कळवायचं

सांगलीत आता कुठल्याही दुकानात जा, वर कोपऱ्यात कॅमेरे आणि काउंटरखाली डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) असतोच, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीपासून कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपपर्यंत आणि तिकडं तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत. मालकाला ते सगळं मोबाइलवर बघायचं असतंय, म्हणून बसवायला आलेला पोरगा राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं नंबरचं दार) उघडून देतो, पैसे घेतो आणि जातो. मग कधीतरी कुणीतरी लॉग (कोण कधी आलं याची मशिननं ठेवलेली नोंद) उघडून बघतं तर रात्री अडीच-तीनला 'लॉगिन फेल' ची रांगच्या रांग, प्रत्येक ओळीत एक अनोळखी नंबर, म्हणजे आयपी, समोरच्याचा इंटरनेटवरचा पत्ता. आणि फोन येतो, "अहो, कोणतरी चीनवाला आपल्या पोत्यांवर डोळा ठेवून आहे."

पोत्यांवर कुणाचा डोळा नसतोय हो. जुन्या पद्धतीचे म्हणजे आयपीव्ही४ चे सगळे मिळून पत्ते आहेत ४२९ कोटींच्या आसपास, आणि २०१३ मध्येच मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल काढून दाखवलं की एका मशिनवरून, चांगली गिगाबिट लाइन असली तर, या सगळ्या पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का हे पाऊण तासाच्या आत ठोकून बघता येतं. म्हणजे तुमचा पत्ता कुणी निवडलेला नाही, सगळ्यांचीच दारं वाजवली जातायत आणि त्यात तुमचंही वाजलं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम शांतपणे होतं.

आता त्या नंबरचं काय करायचं ते बघू. नवीन माणसासाठी लिहितोय, ज्यांना येतंय त्यांनी खालचं रिपोर्टचं तेवढं वाचा.

आधी नंबर नीट उतरवून घ्या

नुसता आयपी लिहून उपयोग नाही. तारीख, वेळ सेकंदासकट, कुठल्या पोर्टवर आला, आणि लॉगमध्ये समोरच्याचं सोर्स पोर्ट दिसत असेल तर ते पण. सोर्स पोर्ट कशाला ते पुढं येतंय. वेळ भारतीय आहे की यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) हे बघा, दोन्हीत साडेपाच तासांचा फरक आहे आणि कितीतरी डीव्हीआरची घड्याळं चुकलेलीच असतात, काही तर लाइट गेली की थेट २००० सालात जातात. घड्याळ चुकीचं असेल तर आधी ते ऑटो सिंकवर टाका, नाहीतर तुमच्या लॉगला पुरावा म्हणून कुणी विचारणार नाही.

लॉग कुठं सापडतो? डीव्हीआरच्या मेनूत 'लॉग' किंवा 'मेंटेनन्स' मध्ये. विंडोजवर टॅली रिमोटनं चालवणारे लई लोक आहेत, त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटी मध्ये ४६२५ नंबरची इव्हेंट शोधायची, ती फसलेल्या लॉगिनची असते. लिनक्स सर्व्हर असेल तर बहुतेक ठिकाणी व्हार-लॉग फोल्डरात ऑथ डॉट लॉग. वर्डप्रेसची साइट असेल तर वेबसर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये डब्ल्यूपी-लॉगिन आणि एक्सएमएलआरपीसी या दोन फाइलींवर कोण सारखं सारखं येतंय ते बघा.

मेलचं थोडं वेगळं आहे. जीमेलमध्ये तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' केलं की हेडर दिसतं, त्यातल्या 'रिसीव्ह्ड' च्या ओळी खालून वर वाचायच्या. पण खालच्या ओळी पाठवणारा खोट्या घुसडू शकतो, भरवशाची फक्त तुमच्या स्वतःच्या मेलसर्व्हरनं लावलेली ओळ. आणि कुणी जीमेलच्या वेबवरून मेल पाठवला असेल तर त्याच्या घरचा आयपी हेडरमध्ये येतच नाही, गूगलचा येतो, त्यामुळं "मेलवरून पत्ता काढून द्या" म्हणणाऱ्यांना तिथंच थांबवायचं.

तो बाहेरचा तरी आहे का

हे न बघताच माणसं धावतात. १९२.१६८ ने सुरू होणारा, १० ने सुरू होणारा, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला नंबर असेल तर तो तुमच्या आतल्याच नेटवर्कचा, म्हणजे ऑफिसातल्याच कुणाचा तरी मोबाइल नाहीतर कॉम्प्युटर. तो नेटवर शोधून काही मिळणार नाही, राउटरच्या कनेक्टेड डिव्हाइसच्या लिस्टमध्ये शोधा. १२७ ने सुरू म्हणजे मशिन स्वतःशीच बोलतंय. १६९.२५४ म्हणजे त्या मशिनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, ती वायर बघा.

आणि एक पट्टा लक्षात ठेवाच, १००.६४ ते १००.१२७. हा सीजीनॅटचा, म्हणजे एकच पब्लिक पत्ता अनेकांत वाटायच्या पद्धतीचा. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आलेत हे बरेच वर्षं चाललं होतं, फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या आशियाच्या रजिस्ट्रीनं शेवटच्या गठ्ठ्याला हात घातला. मग इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी काय केलं, एका पब्लिक पत्त्यामागं कितीतरी गिऱ्हाइकं बसवली. गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर घेतलं असेल तर राउटरच्या सेटिंगमधल्या वॅन (बाहेरच्या कनेक्शनच्या) पानावर जाऊन बघा, तिथं १०० चा नाहीतर १० चा पत्ता दिसला की समजायचं तुम्ही पण अशाच गर्दीत आहात. (यात एक फायदा पण आहे, अशा कनेक्शनवर नेहमीचं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमध्ये पोर्ट उघडून देणं, चालतच नाही, त्यामुळं बाहेरून कुणी थेट डीव्हीआरपर्यंत पोचत नाही.)

म्हणून म्हणतो, आयपी मिळाला म्हणजे माणूस सापडला असं नाही. मिरजेला जाणाऱ्या बसचा नंबर लिहून घेतला म्हणून तिसऱ्या सीटवर कोण बसलं होतं ते कळतंय का? सीजीनॅटमध्ये त्या वेळी त्या पत्त्यामागं नेमकं कोण होतं हे फक्त ती कंपनीच सांगू शकते, तेही वेळ आणि सोर्स पोर्ट दोन्ही दिलं तर, आणि ते ती तुम्हाला सांगणार नाही, पोलिसांनी रीतसर मागितलं तरच.

नंबरऐवजी मध्ये कोलन असलेलं लांबलचक काहीतरी दिसलं तर ते आयपीव्ही६. मोबाइल नेटवर आता हे भरपूर दिसतं. तपासायची पद्धत तीच, फक्त ब्लॉक करताना एकटा पत्ता ब्लॉक करून काही होत नाही, समोरचा दुसरा घेतो, साधारण पहिले चार गट सारखे असलेला पूर्ण पट्टा (/६४ असं लिहितात तो) ब्लॉक करावा लागतो.

पत्ता कुणाच्या नावावर

आता बाहेरचाच आहे असं धरू, समजा २०३.०.११३.४५. हा नंबर मुद्दाम घेतलाय, हा पट्टा लेखांत-पुस्तकांत उदाहरण द्यायला राखून ठेवलेला आहे, तेव्हा हा शोधायला जाऊ नका, कुणी सापडणार नाही.

जगात पत्ते वाटणाऱ्या पाच संस्था आहेत. आशिया-पॅसिफिकसाठी ॲपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. उत्तर अमेरिकेसाठी अरिन, युरोप आणि मध्यपूर्वेसाठी राइप, दक्षिण अमेरिकेकडं लॅकनिक, आफ्रिकेसाठी ॲफ्रिनिक. ॲपनिकच्या खाली भारताची आपली आयआरआयएनएन आहे. यातल्या कुठल्याही साइटवर हूइजच्या चौकटीत आयपी टाकला की तो पट्टा कुणाला दिलाय ते येतं, त्यांचा नसेल तर कुणाकडं जायचं ते तरी सांगतात. हूइज आता जुनं झालं, त्याच्या जागी आरडॅप आलंय, माहिती साधारण तीच पण जरा नीटनेटकी.

जे पान उघडतं ते इंग्रजीत आणि दिसायला किचकट असतं, पण त्यात तीनच गोष्टी बघायच्या. नेटनेम आणि संस्थेचं नाव, म्हणजे पट्टा कुणाचा. अब्यूज कॉन्टॅक्ट, म्हणजे तक्रार कुठल्या मेलवर करायची. आणि एएस नंबर, म्हणजे तो पट्टा कुठल्या नेटवर्कमधून जगाला दिसतो. हे नंबर हळूहळू तोंडपाठ होतात, ९८२९ बीएसएनएल, ५५८३६ जिओ, २४५६० एअरटेल, १५१६९ गूगल, १३३३५ क्लाउडफ्लेअर.

याच्यावरून निम्मा अंदाज येतो. पत्ता घरगुती ब्रॉडबँडचा असेल तर तिकडं बहुतेक कुणाचा तरी दुसऱ्यानं ताब्यात घेतलेला राउटर नाहीतर कॅमेरा आहे आणि त्या बिचाऱ्याला खबर पण नाही. पत्ता भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या होस्टिंग कंपनीचा असेल तर एकतर कुणी मुद्दाम भाड्यानं घेऊन करतंय किंवा कुणाचा सर्व्हर फुटलाय, आणि अशा ठिकाणी तक्रारीचा उपयोग जास्त होतो, कारण कंपनीला त्या गिऱ्हाइकाचा सर्व्हर बंद करता येतो. क्लाउडफ्लेअरसारखं नाव आलं तर ब्लॉक करायची घाई नको, तुमची साइट त्यांच्या मागंच असेल तर लॉगमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांच्या जागी त्यांचाच आयपी दिसत असतो.

रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव, पण बघा, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप लिहून पुढं आयपी द्यायचा. एक नाव येतं. पण ते नाव पट्ट्याच्या मालकानं मनानं लिहिलेलं असतं, म्हणून त्या नावाचा परत आयपी काढून तोच येतोय का ते जुळवायचं. गूगलचा बॉट (आपोआप साइट वाचत फिरणारा प्रोग्रॅम) म्हणून साइटवर येणारे सगळे गूगलचे नसतात, खरा ओळखायची गूगलनं सांगितलेली रीत पण हीच आहे, आधी उलटं नाव काढा, ते गूगलबॉट डॉट कॉम नाहीतर गूगल डॉट कॉमनं संपतंय का बघा, मग त्या नावाचा आयपी काढून जुळवा.

नकाशावर विश्वास ठेवू नका

तुमचाच आयपी कुठल्याही लोकेशन दाखवणाऱ्या साइटवर टाकून बघा. विश्रामबागेत बसलेला माणूस पुण्यात नाहीतर मुंबईत दिसतो, कारण इंटरनेट कंपनीचं गेटवे (बाहेरच्या नेटला जोडणारं ठिकाण) तिकडं असतं. देश बऱ्यापैकी बरोबर येतो, शहर नशिबावर.

याचा कळस अमेरिकेत झाला. मॅक्समाइंड ही लोकेशनचा डेटा विकणारी मोठी कंपनी, त्यांना ज्या आयपीचा फक्त 'अमेरिका' एवढाच पत्ता माहीत होता त्या सगळ्यांसाठी ते देशाच्या मधोमध एक ठरावीक ठिकाण देत होते. ते ठिकाण पडलं कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. असे ६० कोटींहून जास्त आयपी त्या एका शेताच्या नावावर चढले आणि वर्षानुवर्षं तिथल्या लोकांच्या दारात पोलीस, चिडलेले लोक, चोरीचा माल शोधणारे येत राहिले. २०१६ मध्ये बातमी झाली तेव्हा कंपनीनं ते ठिकाण बदलून एका तळ्यात नेलं. तेव्हा नकाशावरचा लाल ठिपका बघून "सापडला" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, त्यांच्या हातात फक्त कुठल्यातरी शेताचा ठिपका आहे.

आधी कुणी तक्रार केलीय का

आता मुख्य. अब्यूजआयपीडीबी नावाची साइट आहे, जगभरातले सर्व्हर सांभाळणारे लोक तिथं त्रास देणारे आयपी नोंदवतात. आयपी टाकला की पान उघडतं. वर टक्क्यांत एक आकडा येतो, ० ते १००, आयपीवर किती संशय घ्यावा त्याचा. नवीन माणूस तेवढाच बघतो आणि पान बंद करतो, पण खरी मजा खाली आहे.

एकूण रिपोर्ट किती यापेक्षा वेगवेगळे रिपोर्ट करणारे किती ते बघा. एकाच माणसानं शंभरदा लिहिलं आणि शंभर वेगवेगळ्यांनी एकेकदा लिहिलं यात लई फरक आहे. मग शेवटचा रिपोर्ट कधीचा. पत्ते बदलत असतात, दोन वर्षांपूर्वीचे रिपोर्ट आजच्या वापरणाऱ्याच्या माथी मारायचे नाहीत, साइट पण ताज्या रिपोर्टला जास्त वजन देते. मग यूसेज टाइप, होस्टिंग का घरगुती का मोबाइल. आणि मग कॉमेंट वाचा, लोकांनी आपापल्या लॉगच्या ओळी टाकलेल्या असतात, तुमच्याकडं जी नावं वापरून लॉगिन करायचा प्रयत्न झाला तीच नावं तिकडं दिसली की समजायचं हा सगळीकडं फिरणारा बॉट आहे.

शून्य टक्के आले म्हणजे साधूसंत असं नाही, कुणी लिहिलं नसेल इतकंच.

जोडीला ग्रेनॉइज बघा, हे सांगतं की हा आयपी सगळ्या इंटरनेटवर दारं वाजवत फिरतोय का. फिरत असेल तर तुमच्याशी वैयक्तिक काही नाही, उलट तिथं दिसला नाही आणि तुमच्याकडंच सारखा येतोय, तुमच्या माणसांची खरी नावं वापरून, तर मात्र लक्ष द्या. व्हायरसटोटलमध्ये पण आयपी टाकता येतो, कुठल्या वाईट फाइली त्याच्याशी बोलतात ते कळतं. काही आयपी शोडॅन, सेन्सिस, शॅडोसर्व्हर यांचे निघतात, हे संशोधनासाठी नाहीतर नेटवर कुणाचं काय उघडं आहे याची यादी करण्यासाठी स्कॅन करतात, घाबरायचं कारण नाही.

आणि हे झालं की स्वतःचा आयपी शोडॅनमध्ये टाका. माझ्या मते या अख्ख्या लेखात सगळ्यात कामाची पायरी हीच. समोरचा कोण याच्यात लोक दोन तास घालवतात आणि आपला डीव्हीआर, आपलं ३३८९ नंबरचं रिमोट डेस्कटॉप जगाला उघडं दिसतंय हे दोन मिनिटांत कळतं ते बघत नाहीत.

स्वतःचा पब्लिक आयपी स्पॅमहॉसच्या (संशयित आयपींच्या याद्या ठेवणारी संस्था) पीबीएल यादीत दिसला तर मात्र घाबरू नका, तो आरोप नसतो, 'घरगुती कनेक्शन आहे, इथून थेट मेलसर्व्हर चालवायचा नाही' एवढाच अर्थ. त्यांच्याच एक्सबीएल यादीत दिसला तर आतलं एखादं मशिन व्हायरसनं बिघडलंय किंवा, सीजीनॅट असेल तर, गर्दीतल्या दुसऱ्याच कुणाचं. स्टॅटिक आयपी असेल तर आधी ते मशिन शोधून साफ करा, मग नाव काढायची विनंती, उलट केलं तर परत चढतं.

रिपोर्ट करताना

अब्यूजआयपीडीबीवर खातं फुकट आहे. रिपोर्टमध्ये आयपी, वेळ, कॅटेगरी आणि कॉमेंट. कॅटेगरीला नंबर आहेत, १८ म्हणजे पासवर्ड ठोकून बघणं, २२ एसएसएच (सर्व्हरचं रिमोट लॉगिन), १४ पोर्ट स्कॅन, २१ वेबसाइटवरचा हल्ला, ११ स्पॅम मेल, २३ कॅमेऱ्यासारख्या वस्तूंवरचा. दिसतील तेवढ्या सगळ्यांवर टिक मारू नका, जे खरंच घडलं तेवढीच. तोच आयपी परत लिहायचा तर मध्ये १५ मिनिटं जावी लागतात.

कॉमेंट सगळ्या जगाला दिसते हे विसरू नका. लॉगच्या दोन-तीन ओळी टाका पण त्यातून स्वतःचा पब्लिक आयपी, गिऱ्हाइकाचं नाव, खरी युजरनेमं काढून टाका. लोक घाईत युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात आणि तो लॉगमध्ये तसाच बसलेला असतो, तेवढं तरी डोळ्यांखालून घाला.

आणि आपल्याच अकाउंटंटनं तीनदा चुकीचा पासवर्ड मारला तर ते हल्ला म्हणून टाकू नका राव. यूडीपीवरून (आधी कनेक्शन न जोडता डेटा पाठवायची पद्धत) आलेल्या पॅकेटचा पाठवणारा खोटा लिहिता येतो, त्यामुळं नुसत्या तेवढ्यावर कुणाला दोषी धरायचं नाही, जिथं पूर्ण कनेक्शन होऊन लॉगिनचा प्रयत्न झालाय तेच लिहा.

कंपनीच्या अब्यूज मेलवर लिहायचं तर इंग्रजीत, पाच ओळीत. विषयात आयपी आणि तारीख, आत वेळ यूटीसीमध्ये, काय केलं, लॉगच्या ओळी. धमक्या, पोलिसात देतो वगैरे नको, तिकडं वाचणारा माणूस दिवसभर असलेच मेल बघत असतो, त्याला जे लागतंय तेवढं द्या.

उलटा स्कॅन मारून 'बघतोच त्याच्याकडं' असलं काही करायचं नाही. दुसऱ्याच्या मशिनमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि समोर बहुतेक कुणाचातरी निष्पाप राउटरच असतो.

आपलं दार

पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा, राउटरमधलं यूपीएनपी सेटिंग पण बंद, कारण ते चालू असलं की डीव्हीआर स्वतःच पोर्ट उघडून घेतो. बाहेरून बघायचंच असेल तर डीव्हीआरच्या कंपनीचं ॲप नाहीतर वायरगार्डसारखं व्हीपीएन (आपल्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट). ॲडमिनचा पासवर्ड फॅक्टरीतला ठेवू नका, २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटनं (ताब्यात घेतलेल्या मशिनींची फौज) फक्त अशा फॅक्टरी पासवर्डची छोटी यादी घेऊन लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते आणि त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. तुमच्या डीव्हीआरवर रात्री येणारे बरेच जण त्याचीच पिलावळ आहेत.

लिनक्स सर्व्हरवर फेलटूबॅन बसवा, ते सारखा पासवर्ड चुकवणारा आयपी आपोआप ब्लॉक करतं, मुळात दहा मिनिटांत पाचदा चुकलं की दहा मिनिटं बंद असं सेटिंग असतं, ते तुमच्या सोयीनं वाढवा, पण आधी ऑफिसचा स्वतःचा आयपी सुटीच्या यादीत टाका. तेच फेलटूबॅन अब्यूजआयपीडीबीला आपोआप रिपोर्ट पण पाठवू शकतं. हातानं एकेक आयपी कायमचा ब्लॉक करत बसणं म्हणजे वेळ घालवणं, उद्या तो पत्ता दुसऱ्याकडं असतो.

खरंच कुणी आत शिरलं असेल तर

पैसे गेले असतील तर हे सगळं सोडा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम मध्ये अडवायची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर टाका, सांगलीत जिल्हा पोलिसांचं सायबर पोलीस ठाणंही आहे. मशिन फॉरमॅट मारू नका, नेट काढा आणि लॉगची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, डीव्हीआरमध्ये जागा भरली की जुना लॉग पुसून नवा बसतो. तुमची कंपनी असेल तर सर्ट-इनचा (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश लागू होतो, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. मेलचा पत्ता इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन.

बाकी रोजच्या कामाला एक साधी एक्सेल शीट पुरते, तारीख, वेळ, आयपी, एएस नंबर, अब्यूजआयपीडीबीचे टक्के, काय केलं, आणि मेल केला असेल तर तिकडून आलेला तिकीट नंबर. तोच एएस नंबर परत परत दिसायला लागला की पुढच्या मेलमध्ये जुने तिकीट नंबर पण टाका.